भरतनाट्यम, कथक, लावणी, गरबा: एका घागऱ्यात भागेल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. मुलगी चौदा वर्षांची, बडोद्यात भरतनाट्यम शिकते. यंदा तिला कथकच्या एका समूहनृत्यात घेतलंय, गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात लावणी आहे, नवरात्रात गरबा तर आहेच, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात कंटेम्पररी. घरात आजीची कांजीवरम पडून आहे, ती कापायची का? जुन्या फोटोंतल्या नर्तकी साडीत दिसतात, आता सगळं शिवलेलं, मग खरा पोशाख कोणता? आणि दर्जी म्हणतो मोठ्या घेराचा एकच घागरा शिवा, सगळीकडे चालेल. चालेल का?

घागऱ्याचं उत्तर लगेच देते: नाही चालणार. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर उघडतात आणि धड खाली बसतं. घागरा नेमकं तेच झाकतो. कथकला घेर लागतो, पण गरब्याच्या चणियाचं, म्हणजे भरतकामाच्या घागऱ्याचं, वजन कथकच्या चक्करला, म्हणजे गिरकीला, जड जातं. लावणीत कापड पायांमधून मागे गेलेलं हवं, तिथे घेराचं कामच नाही. आणि कंटेम्पररीत जमिनीवर लोळायचं असतं.

जुना की नवा, हा मला खरा पेच वाटत नाही. कुठल्याही नाचाचा पोशाख पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात: शरीर कुठे मोडतं, हालचाल कुठे थांबते आणि बघणारा कुठे बसलाय. गेल्या शे-दीडशे वर्षांत पोशाख बदलले ते या तीनपैकी काहीतरी बदललं म्हणून. हे एकदा लक्षात आलं की दर्ज्याला काय सांगायचं तेही आपोआप कळतं.

पुढे जी मापं देते ती शिवणकामातून आणि रंगमंचावर काय टिकतं, काय उसवतं यावरून बसलेली आहेत. पण तुमच्या गुरूंची पद्धत, मुलीची उंची किती वाढायची आहे आणि कार्यक्रम सभागृहात आहे की मंडपात, यावर थोडं इकडेतिकडे होईल. गुरूंना विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका. काही गुरू पायजम्याचाच पोशाख मान्य करतात, काही स्कर्टचा.

भरतनाट्यमपासून सुरू करते, कारण मोठा खर्च तिथेच आहे. हा बदल समजून घ्यायला बडोद्याच्या माणसाला लांब जावं लागत नाही. तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजे पहिल्या चिमणाबाई, १८८० साली सयाजीराव महाराजांशी लग्न होऊन इथे आल्या आणि त्या संबंधातून तंजावरच्या नर्तकी व साथीदार गायकवाडांच्या दरबारी आले. गौरा आणि कांतिमती या त्यातल्या. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे याच शहरात पिढ्या घडवल्या. त्या काळच्या नर्तकींच्या छायाचित्रांत पोशाख स्पष्ट दिसतो: खाली घोट्यापर्यंत पायजमा, त्यावर नेसलेली जरीची साडी, पुढे निऱ्यांचा भरगच्च झुपका, वर चोळी, कमरपट्टा आणि वेणीवरचे दागिने. म्हणजे पायजमा ही आजच्या दर्ज्याची कल्पना नव्हे. तो आधीही होता, फक्त साडीखाली.

दरबारात बघणारा जवळ आणि जवळजवळ त्याच पातळीवर बसलेला असे. डोळे, हात, चेहरा हे सगळं त्याला हातभर अंतरावरून दिसे. १९३५ साली नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासच्या अड्यारला पहिला कार्यक्रम केला, पुढच्या वर्षी त्यांची कलाक्षेत्र ही संस्था उभी राहिली, आणि हा नाच सभागृहाच्या रंगमंचावर गेला. आता बघणारा लांब गेला. विसाव्या रांगेतून चेहरा बारीक दिसतो, शरीराची रेषा मात्र दिसते. मग अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं बसणं, लांबून दिसावं म्हणून पायांच्या मधला निऱ्यांचा पंखा पुढे आला. बसलं की उघडतो, उभं राहिलं की मिटतो. रुक्मिणीदेवींनी जुन्या मंदिरशिल्पांकडे पाहून आणि शिवणकाम जाणणाऱ्यांची मदत घेऊन हा शिवलेला पोशाख रूढ केला. त्याच काळातल्या नर्तकी बालसरस्वतींची छायाचित्रं पाहिलीत तर त्या बहुतेक ठिकाणी नेसलेल्या साडीत दिसतात, आणि त्यांच्या अभिनयप्रधान नाचाला ती साडी शोभतेही. तेव्हा खरा पोशाख कोणता, या प्रश्नाला माझं उत्तर असं: दोन्ही खरे. पदम्, म्हणजे संथ अभिनयाची रचना, सादर करायचं तर साडी सुंदर, तिल्लाना, म्हणजे पदन्यासाची वेगवान रचना, करायचा तर पंखा हवा.

आता शिवणाचं. साधारण साडी साडेपाच मीटर लांब आणि ४८ इंच पन्ह्याची असते. चौदा वर्षांच्या मुलीचा पायजमा, पंखा, मागची झालर, वरचा पदर आणि चोळी एवढं सगळं त्यात आरामात बसतं, काठ नीट वापरला तर. काठ पंख्याच्या खालच्या कडेला, पायजम्याच्या पोटरीला आणि बाहीला लागतो. पदराचा जरीचा भाग पंख्यासाठी राखून ठेवा. तो आधी चोळीत वापरून टाकला की नंतर पंखा फिका पडतो.

पंख्याचं माप उभ्याने घेतलं की हमखास चुकतं. मुलीला अरैमंडीत बसवा आणि एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत टेप सरळ धरा. समजा २६ इंच आले, तर पंख्याचं कापड दीडपट, म्हणजे ३९-४० इंच घ्या. हे जास्तीचं कापड मुळुमंडीसाठी असतं, त्यात ती पूर्ण खाली बसते आणि गुडघे आणखी लांब जातात. ४० इंचांत एक इंच खोलीच्या २० निऱ्या होतात. निरी दीड इंचाची केली तर पंखा मिटल्यावर जाड दिसतो आणि मांड्यांच्या मध्ये फुगतो. अर्ध्या इंचाची केली तर इस्त्री टिकत नाही. लांबी कमरेपासून पोटरीच्या मध्यापर्यंत. त्याखाली गेला की पायाच्या ठोक्यात टाच अडकते.

पंखा दोन्ही पायांना जिथे जोडतात ती जागा नाजूक असते. बरेच दर्जी तो थेट मशीनच्या टिपेने जोडतात. मुळुमंडीत ताण आला की टीप टिकते आणि रेशीमच फाटतं. तिथे आतून दोन इंच रुंदीची सुती पट्टी लावून मग जोडणी करावी, म्हणजे ताण पट्टीवर जातो. तसंच पायजम्याच्या आसनात, म्हणजे दोन पाय जुळतात त्या जागी. साध्या सलवारीसारखं चार शिवणी एका बिंदूत आणणारं आसन इथे चालत नाही. मध्ये चार ते पाच इंच बाजूचा चौकोनी तुकडा तिरका, पतंगासारखा बसवावा. एका बिंदूवर येणारा ताण त्यामुळे चार बाजूंना वाटला जातो.

चोळीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, हा तिसरा मुद्दा, आणि यावर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. हात मोकळा हलावा म्हणून दर्जी मुंढा खोल कापतात. परिणाम उलटा होतो. मुंढा खोल गेला की काखेखालची बाजूची शिवण आखूड होते, हात वर केला की ती बाही अख्खी चोळी वर ओढते आणि पोट उघडं पडतं. मुंढा काखेच्या लगेच खाली, अर्धा ते पाऊण इंचावर ठेवावा. बाहीच्या खाली छोटा तुकडा जोडावा. मापाच्या दिवशी मुलीला दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा. चोळीची खालची कड अर्ध्या इंचापेक्षा जास्त वर सरकली तर मुंढा परत करून घ्या. वाढतं वय आहे, तेव्हा बाजूच्या शिवणीत दीड-दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडा आणि पायजम्याला नेफ्याच्या बाजूने तीन इंच दुमडून ठेवा. खालून दुमडलं तर काठ मोडतो.

आता आजीची साडी. ती कापायची की नाही हे भावनेवर नाही, रेशमावर ठरवा. साडी पूर्ण उलगडून खिडकीच्या उजेडात धरा. वर्षानुवर्षं जिथे घडी पडली तिथे बारीक छिद्रं दिसतात का पाहा. मग घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड हलकेच बाजूंना ताणा. धागे सरकून फट पडली किंवा चर्र असा आवाज आला तर रेशीम थकलंय. ते मुळुमंडीचा एकही ताण सोसणार नाही. अशी साडी अख्खी ठेवा. काठ शाबूत असेल तर तेवढा काठ काढून नव्या रेशमावर लावता येतो, आणि दिसतोही देखणा. रेशीम ठणठणीत निघालं तर आतून पातळ मलमलचं अस्तर लावून बिनधास्त शिवा. जरीवर अत्तर, स्प्रे, पाणी काही मारू नका, त्याने जरीचं काम काळवंडतं. कार्यक्रमानंतर पोशाख उलटा करून सावलीत वाळवा आणि पंखा निऱ्यांवरच कापडी पट्टीने बांधून ठेवा.

आता कथक. इथे शरीर खाली बसत नाही, पाय जवळ असतात आणि सगळा जीव तत्कारात, म्हणजे पावलांच्या ठोक्यांत, व चक्करमध्ये असतो. मुघल काळातल्या चित्रांत जामा, अंगरखा, पेशवाज, चुडीदार दिसतात. मंदिरांशी आणि रजपूत दरबारांशी नातं असलेल्या परंपरेत घागरा, चोळी, ओढणी. आज दोन्ही चालतात आणि अनारकली नावाने मिळणारा पोशाख हा पहिल्याचाच वंशज. बडोद्याला सुंदरलाल गांगाणींमुळे जयपूर घराण्याचं कथक मिळालं. शेजारी अहमदाबादेत कुमुदिनी लाखिया यांनी समूहनृत्यं बांधताना पोशाखातली झगमग कमी केली आणि ओढणी काढून टाकली. आठ-दहा जणी एकत्र फिरताना ओढणी दुसरीच्या हातात अडकते, आणि ती काढल्यावर धडाची रेषाही स्वच्छ दिसते. तुमच्या मुलीचं समूहनृत्यच आहे, तेव्हा ओढणीचा हट्ट धरू नका. हवीच असेल तर खांद्यावर आणि कमरेत टाके घालून पक्की करा. पिना चक्करमध्ये निसटतात, आणि अनवाणी पायांखाली पीन येणं फार वाईट.

घेराचा हिशेब सोपा आहे. कंबर २६ इंच, तर कमरेचं वर्तुळ साधारण ४ इंच त्रिज्येचं. कमरेखाली ३० इंच लांबी हवी, तर बाहेरची त्रिज्या ३४ इंच, आणि खालचा घेर सुमारे २१४ इंच, म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात ६८ इंचांची दोन अर्धवर्तुळं कापली की पूर्ण गोल मिळतो. शिवणीची आणि खालच्या दुमडीची माया धरून पावणेचार मीटर कापड आणा. एवढा घेर पुष्कळ. त्याच्या दुप्पट घेर करून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. कमरेत चुण्यांची रास होते आणि कंबर जाड दिसते.

गोल कापायचं की कळ्यांचं? गोलात कापडाचा काही भाग उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, येतो आणि उरेब कापड लोंबतं. म्हणून गोल कापून लगेच खालची कड दुमडली तर आठवड्याभरात दोन बाजू खाली आलेल्या दिसतात. कापल्यावर तो किमान दोन दिवस हँगरला टांगून ठेवायचा, मग जमिनीपासून मोजून कड सारखी करायची आणि तेव्हाच दुमडायची. दर्ज्याला घाई असते, तो हे टाळतो. तो टाळत असेल तर सोळा कळ्यांचा करा, प्रत्येक कळी खाली साडेतेरा इंच आणि वर पावणेदोनच्या आत, शिवणीची माया वेगळी. कळीच्या मध्यातून उभा धागा जातो, त्यामुळे लोंबणं सगळीकडे सारखं राहतं. कापड जवळपास तेवढंच लागतं, शिलाई वाढते.

खालच्या कडेचं वजन हा कथकचा खरा नाजूक भाग आहे. कड फार हलकी असेल तर घेर उघडत नाही, नुसता पायांना चिकटतो. फार जड असेल तर मुलगी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते आणि घेर थांबत नाही. तो अर्धी गिरकी आणखी मारून पायांना वेढा घालतो आणि समेची चमक तिथेच जाते. एक-दीड इंचाची गोटापट्टी आणि आतून दोन इंचांची पट्टी, एवढं वजन जॉर्जेट किंवा पातळ रेशमाला पुरतं. अस्तर असेल तर तेही त्याच घेरात कापलेलं हवं. वर गोल आणि आत सरळ अस्तर असेल तर वरचा घेर अडकून अर्धाच उघडतो. आणि चुडीदार सुती घ्या. घसरणाऱ्या कापडाचा चुडीदार घुंगरांखाली वर चढतो. तो उरेब कापलेला हवा, लांबी घोट्यापेक्षा सात-आठ इंच जास्त, म्हणजे चुड्या पडतात आणि घुंगरांची दोरी त्यांच्यावर घट्ट बसते.

इथवरचं सार एका वाक्यात: भरतनाट्यमच्या पोशाखाची कसोटी बसल्यावर, कथकच्या पोशाखाची कसोटी थांबल्यावर. दोन्हीची ट्रायल आरशासमोर उभं राहून घेणं निरर्थक.

लावणीला मी शिवलेल्या नऊवारीच्या विरोधात नाही, पण तुमच्याकडे नेसवणारं कुणी असेल तर नेसलेलीच घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ते काष्ट्यात, निऱ्यांत आणि ओच्यात असं वाटलेलं असतं की बसताना, मुरकताना ते स्वतःच थोडं सरकून जागा देतं. शिवलेल्या नऊवारीत ही जागा आधी ठरलेली असते, आणि बहुतेक तयार नऊवाऱ्या त्या जागेत कंजुषी करतात. बैठकीच्या लावणीत सगळा जोर चेहरा, हात आणि पदरावर, तिथे रेशमी काठापदराची साडी आणि निवांत निऱ्या शोभतात. फडाच्या लावणीत पावलं, ठेका, उड्या आणि गिरक्या. मंडळाच्या कार्यक्रमात बहुधा हेच असेल. रंगमंचावर एकामागून एक गाणी आणि मध्ये पाच मिनिटांत कपडे बदलायचे, यातून शिवलेली नऊवारी आली. शिवूनच घेणार असाल तर एक माप सांगते: मुलीला स्टुलावर बसवा, पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप घ्या आणि त्यात चार इंच मिळवा. उभ्याने घेतलेल्या मापावर शिवलेला काष्टा पहिल्याच बैठकीत मागून ओढतो.

नेसवताना साडी सुती किंवा सुतीमिश्रित घ्या, इरकलीसारखी. चकचकीत सॅटिनवर निऱ्या धरत नाहीत. आत गुडघ्यापर्यंतची घट्ट सुती चड्डी हवीच. निऱ्या खोचल्यावर त्यावरून सुती नाडी एकदा बांधायची, मग कमरपट्टा. कमरपट्ट्याच्या भरवशावर निऱ्या सोडू नयेत, तो दागिना आहे, दोरी नव्हे.

गरब्याबद्दल बडोदेकरांना वेगळं काय सांगायचं, तरी कापडाच्या बाजूने दोन शब्द. मधोमध मातीचा गरबा, त्यात दिवा, भोवती पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, बायका टाळ्या देत फिरतायत, तेव्हा घरातला चणिया पुरत होता. आता मैदान आहे, हजारो माणसं आहेत, तीन-चार तास सलग फिरायचं आहे आणि गती वाढत जाते. मैदानाबरोबर घेर वाढला, आरसे वाढले, रंग वाढले. आठ मीटर साधं सुती कापड एक किलोच्या आसपास भरतं. अस्तर, काठ, आभला भरत (आरशांचं भरतकाम) मिळून तो चणिया सहज दोन किलोंच्या पुढे जातो. चौदा वर्षांच्या कमरेवर हे वजन नाडीवर लटकलं की तासाभरात वळ उठतात. नेफा दोन इंच रुंद घ्या, नाडी गोल नको, सपाट सुती पट्टीची घ्या, आणि आत मऊ कापडाची पट्टी लावा. सहा मीटरचा घेर मुलीला पुरे.

आरसे काचेचे असतील तर हात आणि काख जिथे घासते तिथे ते नकोत. काचेची धार दोरा कापते, मग आरसा निसटून मैदानात पडतो आणि बडोद्यात बरेच जण अनवाणी खेळतात. चोळीच्या बाजूंना नुसतं दोऱ्याचं भरत ठेवा, आरसे पाठीवर आणि छातीवर. चणियाची कड जमिनीपासून तीन-चार इंच वर. मंगळ बाजार, नवा बाजारातून तयार घेणार असाल तर घरी आल्यावर पांढरा रुमाल ओला करून लाल-काळ्या कापडावर घासून पाहा. रंग रुमालाला लागला तर तो घामाने चोळीलाही लागणार. एकदा साध्या पाण्यात वेगळा धुऊन, सावलीत वाळवूनच नेसवा. मुलांचा केडियु, म्हणजे आखूड अंगरखा, हासुद्धा याच तत्त्वाचा आहे: छातीपर्यंत घट्ट आणि तिथून खाली चुण्या, म्हणजे हात उचलला तरी कंबर अडकत नाही.

ओडिसीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण चित्र पुरं व्हावं म्हणून एवढंच: तिथेही नेसलेली साडी शिवलेल्या पोशाखात बदलली, कापड मात्र ओडिशाचंच विणलेलं राहिलं, डोक्यावर शोल्याच्या (एका पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्याच्या) कामाचा मुकुट आणि अंगावर चांदीचे दागिने. धडाच्या त्रिभंगाला, म्हणजे तीन ठिकाणी वळलेल्या उभं राहण्याला, सोनं फार चमकवत नाही, चांदी रेषा दाखवते, असं मला वाटतं.

कंटेम्पररीचा पोशाख वेगळ्याच वाटेने आलाय. युरोपात अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीने पावलं दिसावीत म्हणून घागरा घोट्यावर घेतला. १८३२ साली मारी तालिओनी घंटेसारख्या पांढऱ्या तलम घागऱ्यात नाचल्या आणि तोच बॅलेचा पोशाख झाला. पुढे पायांचं काम वाढत गेलं तसा घागरा आखूड होत होत कमरेला आडवा उभा राहिला. लिओटार्ड हे नाव ज्यूल लिओतार या झोपाळ्यावर कसरती करणाऱ्या फ्रेंच कलावंतावरून पडलं, आणि १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत लायक्राचा धागा तयार झाल्यावर अंगाबरोबर ताणलं जाणारं कापड सगळ्यांच्या हाती आलं. म्हणजे तिकडेही दर वेळी नाचाने पुढे होऊन कापडाला मागे यायला लावलं.

तुमच्या कामापुरतं: लायक्रा साध्या टिपेने शिवू नका. कापड ताणलं जातं, दोरा ताणला जात नाही, आणि पहिल्या स्ट्रेचिंगला शिवण तुटते. झिगझॅग किंवा ओव्हरलॉक आणि बोथट टोकाची सुई असलेला दर्जी नसेल तर सरळ तयार घ्या. घेण्याआधी दुकानातच दहा सेंटिमीटर कापड बोटांत धरून ताणा. आडवं आणि उभं दोन्हीकडे पंधरापर्यंत जाऊन परत दहावर आलं तर चांगलं. परत येताना साडेदहा-अकरावर थांबलं तर दोन तालमींत गुडघे सुटणार. गुडघ्यावर सरकण्याच्या हालचाली असतील तर पूर्ण लांबीचे लेगिंग्ज घ्या, त्वचेच्या रंगाची पातळ जाळी पहिल्याच दिवशी फाटते.

रंग ठरवताना दुकानातल्या ट्यूबलाइटवर जाऊ नका. तेलाच्या दिव्यात आणि पिवळ्या बल्बमध्ये मरून, किरमिजी, हिरवा-जांभळा धूपछाव झळाळून उठत. आज सभागृहांत एलईडी आहेत आणि दिवे लावणाऱ्याला निळा फार आवडतो. शुद्ध निळ्या प्रकाशात लाल आणि मरून काळे दिसतात, जरीचं कामही राखाडी दिसतं. नगरगृहात कार्यक्रम असेल तर आयोजकांना आधीच सांगून ठेवा की चेहऱ्यावर आणि कपड्यावर पांढरा किंवा उबदार पिवळा प्रकाश ठेवा, निळा मागच्या पडद्यावर टाका. ते ऐकणार नाहीत असं वाटलं तर मोरपंखी, मोहरी, केशरी असे रंग निवडा, निदान मिश्र प्रकाशात तरी ते तग धरतात.

मग पैसे कुठे घालायचे? माझ्या मते भरतनाट्यमचा पोशाख शिवा, तो तीन-चार वर्षं वापरात राहील. कथकचा साधा, एकरंगी शिवा, कारण समूहात तसाही सगळ्यांचा सारखा असणार, कापड वर्गाने ठरवलेलं असेल. लावणीसाठी नातेवाइकांत नऊवारी आणि नेसवणाऱ्या मावशी-आत्या शोधा, एका कार्यक्रमासाठी शिवून घेऊ नका. कंटेम्पररीचं तयार. भाड्याने आणणार असाल तर आसन, मुंढा आणि हुक हे तीन तपासल्याशिवाय अनामत देऊ नका. एकमेकांत वापरता येतील अशा गोष्टीही आहेत: आतली सुती चड्डी, कथकचा चुडीदार गरब्याच्या चणियाखाली, आणि भरतनाट्यमचा कमरपट्टा लावणीला, फारच गरज पडली तर. घुंगरू मात्र वेगळे. भरतनाट्यमचे पट्ट्यावर ओळींत शिवलेले असतात, कथकचे सुती दोरीत ओवलेले शे-दीडशे, आणि ती दोरी पावलाच्या ठोक्याबरोबर सैल होऊ द्यायची नसते.

वेळेचं एक सांगते. श्रावण लागला की बडोद्यातले दर्जी चणिया-चोळीत बुडतात आणि नवरात्र संपेपर्यंत वर येत नाहीत. भरतनाट्यम आणि कथकचे पोशाख आषाढातच टाका. पहिली ट्रायल कच्च्या धावदोऱ्यावर मागा, पक्की टीप नंतर. आणि ट्रायलला जाताना घुंगरू सोबत न्या. ते बांधल्यावर पायजम्याची आणि चुडीदाराची कड दोन बोटं तरी वर उचलली जाते, आणि लांबीचं अखेरचं माप तेव्हाच घ्यायचं.